रोज फाटणारं जाळं

ती. आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोकलाही गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

कामाचं म्हणशील तर समुद्राकाठचं हे गाव जुनं म्हणून जपायचं ठरलंय, त्यामुळे मी नव्या भिंती जुन्या दिसतील अशा रंगवतो. आधी रंग द्यायचा, मग तोच खरवडायचा. बाबा असते तर म्हणाले असते, "याचा पगार देतात?"

होड्यांत फुलझाडं लावून त्या हॉटेलांच्या दारात ठेवल्यात. मच्छीमारांना टेकडीमागे खोल्या दिल्यात, तिथून समुद्र दिसत नाही. फक्त एका म्हातारीला पगारावर परत आणलंय. ती दिवसभर आपल्याच जुन्या घराच्या उंबऱ्यावर बसून फाटकं जाळं विणते आणि पाहुणे फोटो काढतात. संध्याकाळी मुकादम ते जाळं कात्रीने पुन्हा फाडतो, उद्या तिला काम हवं ना!

काल मी विचारलं, "आजी, राग नाही येत?"

"येतो की. पण रागावलेली म्हातारी फोटोत बरी दिसत नाही म्हणे."

तू लिहिलंस, आपल्या बंदरगल्लीत साहेब आले होते, घर फार सुंदर आहे म्हणाले, आणि तू त्यांना चहा पाजलास. आई, पुन्हा आले तर दार उघडू नकोस. आणि दादाला सांग, पुढच्या भिंतीला भडकातला भडक ऑइलपेंट फासून टाक. घर जितकं वाईट दिसेल, तितके जास्त दिवस ते आपलं राहील.

तुझाच,
धाकटा