दीडशहाणा यांचा संदेश

प्रिय ठमे,

एकाच घरात राहून आई पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. मेसेज करता आला असता, तू शिकवलाही आहेस. पण आज सकाळपर्यंत माझ्या बटणांच्या फोनवरून तुला मेसेज पाठवला, की तो तुझ्या फोनवर जायचा, तिथून माझ्या टॅबवर यायचा आणि टॅब तो माझ्याच कानात वाचून दाखवायचा. म्हणजे माझं बोलणं फिरून मलाच, म्हणून ती सवयच मोडली. समोर बसून बोलावं तर तू मधेच बोलतेस, मग मी चिडते, मग तू "बरं बाई, राहू दे" म्हणत भांडी आवरायला लागतेस. कंटाळा आलाय गं मला त्या भांड्यांच्या आवाजाचा. आता दुपार आहे, तू कारखान्यात कागद तपासत असशील. माझं अक्षर वाकडं येतंय, चालवून घे. आधीच सांगून टाकते, सोमवारी तुला तुमच्या कारखान्याच्या मोठ्या बाईंना उत्तर द्यायचंय हे मला ठाऊक आहे. नव्या कारखान्यात तपासणी खात्याची प्रमुख म्हणून तुला बोलावलंय, पहिलं वर्ष तिथल्या वसतिगृहात एकटीनं राहायचंय, आणि तू माझ्यापायी नाही म्हणून बसलीयस, हेही ठाऊक आहे. कपाळावरची आठी काढ. सगळं सांगते.

कानाचं मशीन घ्यायला आपण गेलो होतो तो दिवस आठव. कानवाल्या बाईंनी मशीन बसवलं आणि म्हणाल्या, हे टॅबला जोडून देते, आजींना मालिका सरळ कानात ऐकू येतील, घरच्यांना आवाजाचा त्रास नाही. टॅबला खातं लागतं म्हणाल्या, तेव्हा तू तुझंच घातलंस. आईला कुठे नवीन पासवर्ड लक्षात ठेवायला लावा, म्हणालीस. बरोबरच होतं तुझं, मला कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. त्यांनी पटापट काय काय दाबलं, तू मान डोलावलीस, मीही डोलावली. आपण दोघी मान डोलावण्यात तरबेज. घरी आलो, संध्याकाळी मी मालिका लावली, आणि मालिकेतली सासू ओरडायच्या ऐन वेळी एक पोरगी माझ्या कानात सपाट आवाजात म्हणाली, "दीडशहाणा यांचा संदेश आला आहे. ताई, आईचं मशीन नीट चालतंय का?" मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. घरात आपण दोघीच. तू तर मोबाईल हातात घेऊन हसत होतीस. मग उलगडलं, की माझ्या लेकाला तू फोनमध्ये या नावानं ठेवलंयस. खूप हसले मनात. धाकट्याला शोभतंही. पण 'दीडशहाणा' म्हणून पुढे 'यांचा' म्हणायचं, काय ती अदब! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती ही पोरगी.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं, असं म्हणशील. सांगणारच होते. पण दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून मी माझ्या फोनवरून तुला फोन लावला. म्हटलं बघू तरी, मला काय नाव दिलंय. ती कानातली पोरगी म्हणाली, "घर यांचा कॉल येत आहे." मला रागच आला. आई म्हणायला काय धाड भरली होती? चार भिंती, गळका नळ आणि मी, सगळं एकाच नावात कोंबलेलं. तू तिकडून "काय गं?" म्हणालीस आणि मी "काही नाही, चुकून लागला" म्हणून ठेवून दिला. रुसवा धरून बसले आणि सांगायचं राहून गेलं. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, एकदा राहिलं की राहिलं.

आणि खरं सांगू का, ऐकून गप्प राहणं ही माझी जन्माची सवय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवत. लाइन जोडायची, दोन्हीकडचा आवाज आला याची खात्री करायची आणि आपल्याला ऐकू येणारी की, म्हणजे तो खटका, बंद करायची. जे कानावर पडेल ते बोर्डावर ठेवून उठायचं. एकदा आपल्या शेजारणीच्या घरमालकांकडे बाहेरगावाहून फोन आला. तिच्या नवऱ्याला अपघात झाला होता. घरमालक उचलत नव्हते. माझी पाळी संपली, लाइन मी पुढच्या बाईच्या हवाली केली आणि घरी आले. शेजारीण दोरीवर त्याचेच सदरे वाळत घालत होती. मला म्हणाली, आज लवकर सुटलात? मी हो म्हणून आत गेले आणि दार लावून घेतलं. निरोप तिला ज्याचा त्यानं दिला. तोंड उघडलं नाही मी. नियम म्हणजे नियम. म्हणून मी टॅबच्या पडद्यावर कधी डोकावले नाही, देवाशपथ. कानात येईल तेवढंच ऐकलं. आणि घोळ झाला तो तिथेच, कारण ती पोरगी आलेले मेसेज वाचते, तू पाठवलेले वाचत नाही. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

आता ती एक बाजू कशी होती ते ऐक. मी कणीक मळतेय आणि कानात, "ताई, आईला कोण सांगणार? तूच सांग." मी पांघरुणाच्या घड्या घालतेय आणि कानात, "एक जागा पाहिली. स्वच्छ आहे. रात्री नर्स असते. फोटो पाठवतो." मग, "इतकं चिडायला काय झालं? मी आपल्या दोघांच्या भल्याचंच सांगतोय." मग, "तिला एकटीला ठेवणं धोक्याचं आहे, पटतंय ना?" सांग बघू, यातून कुणाला काय वाटेल? मला वाटलं तू त्याच्या मागे लागलीयस, की घे तुझ्या आईला आणि ठेव कुठेतरी. तो बिचारा जागा शोधतोय आणि तू अजून लवकर, अजून लवकर म्हणून चिडतेयस. तू समोर बसून मला औषधाची गोळी काढून द्यायचीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. ही माझीच पोर का, असं वाटायचं. मी दुसऱ्यांदा चहा मागायचं सोडलं. जेवताना "पुरे" म्हणायला लागले. तू काही विचारलंस की "मला काय, कुठेही पडून राहीन" हे एकच पालुपद. तू घाबरलीस, मला धरून डॉक्टरकडे नेलंस, रक्त काढवलंस. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, वय झालंय. रक्तात रुसवा सापडत नाही, हे नशीब माझं. रिक्षात येताना तू माझा हात घट्ट धरला होतास आणि मी तो सोडवून घेतला. ते आठवलं की आता जीव कसनुसा होतो.

परवा संध्याकाळी तू आंघोळीला गेली होतीस. मी मटार सोलत होते. कानात आलं, "मोठ्या बाई यांचा संदेश आला आहे. तुमचा नकार वाचला. मला पटलेला नाही. आईंची अडचण समजते. सोमवारपर्यंत जागा राखून ठेवते. पुन्हा विचार करा." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. नकार? म्हणजे हिला कुठेतरी मोठ्या नोकरीवर बोलावलंय आणि ही जातच नाहीये? आणि आईंची अडचण म्हणजे मी? अगं बाई गं! इतके दिवस मी ज्या पोरीवर डूख धरून होते ती माझ्यासाठी पाय रोवून उभी होती, आणि मला घालवायला ती नव्हे, तिला जाता यावं म्हणून तिचा भाऊ धडपडत होता. तू बाहेर आलीस, फोन पाहिलास, उलटा ठेवलास आणि मला विचारलंस, मटार किडके निघाले का, अशी का बसलीस? मी म्हटलं हो. एकही किडका नव्हता. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा चहा मागितला तेव्हा तू किती खूश झालीस! तुझा तो आनंद बघून मलाच लाज वाटली.

मग काल सकाळी मी नियम मोडला. तू खाली दूध आणायला गेली होतीस, फोन इथेच टेबलावर. तो वाजला, टॅब वाजला, माझा कान वाजला. दीडशहाणा यांचा कॉल. कानाच्या मशीनला एक बारीक बटण आहे, ते दाबलं की फोन उचलला जातो, हे कानवाल्या बाईंनी दाखवलं होतं. कशी कोण जाणे, पण बोट गेलं. एवढी वर्षं बोर्डावर बसलेलं बोट आहे ते, वाजलं की उचलतंच. हॅलो म्हणायच्या आत तो सुरू झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, लहानपणापासूनचं. म्हणाला, ताई, शिव्या घाल पण फोन ठेवू नकोस, तू म्हणतेस तेच खरं, आईला परक्या जागी ठेवायचं नाही, मी तिला इकडे आणतो, मुलं आमच्या खोलीत झोपतील, मी बाहेरच्या खोलीत झोपेन, जिने चढवायला मी उचलून नेईन, पण तू ही नव्या कारखान्यातली जागा हातची घालवू नकोस. बाबा गेल्यापासून तू एक गोष्ट स्वतःसाठी केली नाहीस, म्हणाला. मी ऐकत राहिले. मग माझ्या जुन्या आवाजात म्हटलं, "लाइन चालू आहे, बोला." आणि मग तो रडला गं. दोन पोरांचा बाप झालाय, पण हुंदका अगदी तसाच देतो, नाकातून. मीही रडले. मग नव्या कारखान्याचं, वसतिगृहाचं सगळं त्यानं मला सांगितलं. दोघांनी तुझी यथेच्छ निंदाही केली, की हट्टी आहे, आईवर गेलीय. तू दूध घेऊन आलीस तेव्हा माझे डोळे लाल होते आणि मी कांद्याचं नाव सांगितलं. कांदा घरात नव्हता, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

त्याच्याकडे मी जाणार नाही, तसं त्याला सांगितलंय. चार जिने आणि वर दोन जुळी पोरं, मी महिन्याभरात फोटोत जाईन. मी नऊ नंबरला फोन केला. तुला ती माहीत आहे, बोर्डावर माझ्या शेजारी बसायची ती. मी सात नंबर, आठ नंबर मधेच लग्न करून गेली, म्हणून आम्ही शेजारी. तिच्या लेकानं घर विकायला काढलंय आणि ती पुढे कुठे जाणार यावर तिच्याकडेही असेच मेसेज चालू आहेत म्हणे. तिला डोळ्यांनी धड दिसत नाही, मला कानांनी धड ऐकू येत नाही. दोघी मिळून एक धड बाई होते. ती बेल ऐकेल, मी दार उघडेन. मी औषधांवरची नावं वाचेन, ती वेळेची आठवण करेल. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई रोज सकाळ-संध्याकाळ डोकावून जाईन म्हणाल्यात. धाकटा दर पंधरवड्याला येणार. तुझ्या खोलीत नऊ नंबर झोपेल. तिनं पेटी भरायला घेतलीय आणि तुझ्या पलंगाला उशी किती जाड आहे ते विचारलंय. म्हणजे तुला आता इथे राहायचं म्हटलं तरी झोपायला जागा नाही, बघ.

आता हे पत्र कशासाठी ते. आज सकाळी तू गेल्यावर मी शिवणवाल्या बाईंना वर बोलावलं आणि टॅबवरून तुझं खातं काढून टाकायला लावलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. आता तुला कुणाचाही मेसेज आला तरी माझ्या कानात काही येणार नाही. सोमवारी तू मोठ्या बाईंना हो म्हणालीस की नाही म्हणालीस, मला कळायचा मार्ग नाही. मुद्दामच तसं केलं. मी ऐकतेय या धाकानं तू उत्तर देऊ नयेस, आणि मला ऐकू यावं म्हणूनही देऊ नयेस. लाइन मी जोडून दिलीय, ठमे, माझी की बंद. फोनमध्ये माझं नाव 'घर' असू दे, राग गेला माझा. घरातून माणूस कामाला जातो आणि परत येतो, त्यासाठी घराला धरून बसावं लागत नाही. जे ठरेल ते मला माझ्या बटणांच्या फोनवर सांग. तो नाव सांगत नाही, नुसता वाजतो. मी तो हातात धरून बसेन, मशीन काढलेलं असलं तर तो वाजलेला मला ऐकू येत नाही, पण हातात थरथरला की कळतं.

तुझीच,
सात नंबर, म्हणजे आई