पोटाचा गळपट्टा

प्रिय चिमणे,

डॉक्टरने काही शंका आहे का विचारलं, तर तू, तुझी आई आणि तुझा बाप, तिघांनी एकदम माना हलवल्या. नाही म्हणून. विचारलं तर तो रुसून ऑपरेशनच करणार नाही, असं वाटतं की काय तुम्हाला? वर्गात पोरांना विचारा, विचारा म्हणून कोकलतेस, आणि तिथे बाईंची दातखीळ बसली. तोंडाने सांगितलं की कानांवर हात ठेवतेस, म्हणून लिहितेय.

काल मी एकटीच गेले. आजी, काय होतंय, म्हणाला. म्हटलं, मला काही होत नाही, नातीचं पोट कसं कापणार ते दाखवा. हसला. तुझ्याबद्दल बोलणार नाही, पण ऑपरेशन समजावतो म्हणाला. चित्र काढलं. वजन उतरायला पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा, उरते लांब नळी. नुसतं तेवढंच केलं तर काहींचं आंबट पाणी आणखी वर येतं. तू तर आधीच उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या झोपतेस. म्हणून पोटाचा वरचा तुकडा फेकायचा नाही, अन्ननळीच्या तळाला गळपट्ट्यासारखा गुंडाळायचा. मला फार आवडलं. घरचंच कापड!

मग विचारलं, गळपट्टा आवळला तर? घास अडकतो म्हणाला. आणि न विचारता पुढचंही सांगितलं. त्या गुंडाळलेल्या भागाला रक्त कमी पडलं तर कधी कधी भोक पडतं, आतलं बाहेर झिरपतं, पोट पुन्हा उघडावं लागतं. तुमच्या हातून झालंय का, म्हटलं. म्हणाला, एकदा. ती बाई बरी झाली, पण फार दिवस लागले. खरं बोलला, म्हणून मला पटला. आतडं वळवून पोटाला जोडायचीही एक रीत आहे म्हणे. तिनेही आंबट पाणी थांबतं, तिचे तोटे वेगळे. कुठली घ्यायची हे माणसाने समजून विचारून ठरवावं म्हणाला.

घाबरवत नाहीये गं. खुशाल करून घे ऑपरेशन. तुझे आजोबा असेच काही न विचारता आत गेले. परत आले नाहीत, आणि त्यांचं आत काय कापलं, हे मला आजतागायत माहीत नाही. तुझी तारीख मी मोडलेली नाही. फक्त तू येऊन सगळं विचारत नाहीस तोवर सुरीला हात लावायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. रागाव माझ्यावर. पण जा.

तुझीच,
डॉक्टरचं डोकं खाऊन आलेली आजी