परान्न सोडायच्या आधी

८ जाने. १९९६, बनारस
सकाळी शिंदे घाटावर साताऱ्याकडच्या कुटुंबाचं श्राद्ध. धुकं इतकं की पिंड नेमके कुठे गेले ते गंगेलाच ठाऊक. यजमान रडत होते, मी मंत्र म्हणत होतो, दात दोघांचेही वाजत होते. लवकर मोकळा झालो. कॉलेजात मी शिकवतो तो संस्कृतचा तास दुपारी. खरं तर दूधविनायकला घरी जायला हवं होतं, बाबा एकटेच. गेलो नाही. घाटाघाटानं चालत सरळ मुन्शी घाटामागच्या गल्लीतलं ते छोटं दुकान.

दोन चॉ. खाल्ली. (चॉकलेट हा अख्खा शब्द लिहायची या घरात अजून हिंमत होत नाही.) एक बेदाण्याचं, एक आल्याचं. आल्याचं आधी कडू, मग गोड, आणि गिळून झाल्यावर मागून तिखट. उभ्या उभ्या डोळे मिटले. दुकानाच्या बाई हसल्या. चौतिसाव्या वर्षी पुरुषानं असं डोळे मिटून खाऊ नये बहुतेक.

घरी आलो तर बाबा चुलीपाशी. हात थरथरतात म्हणून भाताचं पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. "उशीर झाला?" एवढंच म्हणाले. तोंडाला वास येत असेल म्हणून मी दारातूनच उत्तर दिलं.

संक्रांत
शेजारच्या काशीकाकू तिळगूळ घेऊन आल्या. बाबांनी नेहमीप्रमाणे कपाळाला लावला आणि ताटलीत ठेवून दिला. काकूंचा हात कितीही शुद्ध असला तरी त्यांच्या घरचा तिळगूळ म्हणजे परान्न. आजोबा गेले तेव्हापासून बाबांनी परान्न सोडलंय. स्वतःच्या हातचं खायचं, नाहीतर घरातल्या अशा माणसाच्या हातचं, ज्यानं स्वतःही बाहेरचं सोडलंय. आई होती तोवर तिच्या हातचं. ती गेल्यापासून स्वतःच रांधतात. मी भात टाकला तर चालत नाही, कारण मी कॉलेजच्या कॅन्टीनात समोसा खातो.

काकू गेल्यावर म्हणाले, "माधवा, अक्षय्य तृतीयेला तू संकल्प कर. माझे हात आता ऐकत नाहीत."
"कसला?" विचारलं. माहीत असून.
"परान्नाचा. घराण्यात एक तरी ताट स्वच्छ राहिलं पाहिजे रे."

जन्मभराचं व्रत. चहाची टपरी बंद, लग्नाच्या पंगती बंद, प्रवासात शिधा बरोबर. ते सगळं चालेल मला, खरंच चालेल. पण पहिलं डोळ्यांसमोर आलं ते मुन्शी घाटामागचं दुकान. लाज वाटली. तरी आलंच.

२३ जाने.
कडाक्याची थंडी. बाई म्हणतात, असंच पाहिजे, चॉ. थंडीतच नीट बसतं. बाई ऊटीच्या. नवरा रेल्वेत होता, तेव्हा बदली होऊन इथे आल्या. ऊटीत घरोघर चॉ. करतात म्हणे, आपल्याकडे पापड करतात तसे. एकच खोली, पुढे काचेचं कपाट, मागे स्टोव्ह आणि संगमरवरी फरशीचा तुकडा. गिऱ्हाईक बहुतेक गोरे. त्यांच्यात मी एकटा शेंडीवाला.

आज मागे बसून बघायला मिळालं. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यावर छोटं पातेलं, त्यात कडू चॉ.ची विकतची ढेप वितळते. मग फरशीवर ओतून पात्यानं पसरायचं, गोळा करायचं, परत पसरायचं. चकाकी यायला लागली की बाई बोटावर थेंब घेतात आणि खालच्या ओठाला लावतात. गार लागलं तर झालं. मग तेच बोट... पुसतात, पण नीट नाही.

म्हणजे इतके दिवस मी उष्टं खातोय! श्राद्धाला बसणारा ब्राह्मण, ऊटीच्या ख्रिस्ती बाईंच्या ओठाचं उष्टं. काही वाटलं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर नाही. आणखी एक मागितलं. बडीशेप-गुलकंदाचं, ते त्यांनी बनारसला आल्यावर काढलंय. चोखलं नाही, हळूच जिभेवर ठेवून दिलं. वर्गात पोचेपर्यंत पुरलं.

२ फेब्रु.
डोकं चाललं एकदाचं! परान्न म्हणजे दुसऱ्यानं केलेलं. मी स्वतःच केलं तर? ढेप काही शिजवलेलं अन्न नाही. खडीसाखर बाजारातूनच येते की. आणि पाण्यात शिजतं ते खरकटं; चॉ.मध्ये पाणीच नसतं, म्हणजे ते खरकटंही नाही. शास्त्रानं बघता लाडवापेक्षा निर्मळ. मीमांसा शिकलो त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

बाईंना म्हटलं, शिकवा.
"आप? क्यों मास्टरजी, हमारा अच्छा नहीं लगता?"
कारण सांगितलं. निम्मं समजलं असावं. ढेपेचा तुकडा कागदात बांधून दिला आणि बोट उगारून म्हणाल्या, "एक बात। पानी की एक बूँद नहीं। एक बूँद गया तो सब खतम।"

११ फेब्रु.
बाबा विश्वनाथाच्या दर्शनाला गेलेले. तेवढ्यात उरकायचं ठरवलं. आंघोळ, ओला पंचा नेसून स्वयंपाकघरात, अगदी सोवळ्यात. ओठाला लावायची पंचाईत. लावलं तर उष्टं, नाही लावलं तर कळणार कसं? शेवटी मनगटाला लावून बघितलं. चकाकी आली. इतकं सुंदर दिसत होतं की मन भरून आलं. म्हटलं, पहिलंच केलंय, देवाला दाखवू.

आणि हात आपला आपण चालला. खाली पाण्यानं चौकोन, वर पातेलं, तुळशीपत्रानं पाणी फिरवलं, डोळे मिटून प्राणाय स्वाहा. डोळे उघडले तर तुळशीपत्र आत आणि चॉ.चा खरखरीत गोळा झालेला, जळक्या शिऱ्यासारखा. वरून पंच्याचं पाणी टपकत होतं ते निराळंच.

संध्याकाळी बाईंना सांगितलं. हसता हसता त्या स्टुलावरच बसल्या. "मास्टरजी, भगवान को सूखा दे दो, वो बुरा नहीं मानेंगे!" मीही हसलो. गेल्या वर्षभरात एवढा हसलो नव्हतो. घरी येताना मात्र वाटलं, संकल्प झाला आणि हे दुकान मला बंद झालं की मी हसायला कुठे जाणार?

शिवरात्र
गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. दुकानाकडे जाणं शक्यच नव्हतं. बाबांनी उपासाचे वऱ्याचे तांदूळ टाकले आणि पातेलं उतरवताना सगळं सांडलं. जमिनीवरचे दाणे तेच गोळा करत बसले, मला हात लावू देईनात. मी भांडी मोठ्यानं आपटली. मग वाईट वाटलं.

२७ फेब्रु.
दुसरी खेप जमली. रेशमी मुकटा नेसून, पाण्याचा तांब्या ओट्यावरून खाली ठेवून, नैवेद्य कोरडाच. बदाम घातले. बाईंच्याइतकी चकाकी नाही, पण कट्कन तुटतं. डबा लपवत होतो तोच बाबा दारात.
"ते काय?"
सांगितलं. सगळं. दुकान, ऊटी, बाई. (ओठाचं सोडून.)
तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला.
"पाणी नाही यात?"
"नाही."
"मग खरकटं नाही." परत डब्यात ठेवला. "तू संकल्प कर, आणि मग घरीच करत जा. तुझ्या हातचं मीही खाईन. बघू तरी, माझा मुलगा रोज तोंडाला कसला वास घेऊन येतो ते."
म्हणजे ठाऊक होतं! हसले वर. इतक्या महिन्यांनी हसले.

मला आनंद व्हायला हवा होता. पळवाट मीच शोधली, बाबांनी मोठ्या मनानं मान्य केली, आणि माझा जीव घुसमटला. आता मला तक्रारीलासुद्धा जागा नाही. नंतर स्वतः केलेलं एक खाल्लं. चांगलं होतं. पण डोळे मिटले नाहीत. स्वतः केलेलं स्वतः खायचं म्हणजे आपल्याच घरी पाहुणा म्हणून जायचं. मला कुणीतरी "लो, चखो" म्हणणारं हवंय. हे बाबांना कसं सांगू? ज्या माणसाला आईनंतर कुणी ताट वाढलेलं नाही, त्याला?

पाडवा
ऊन तापलं. दुकान आजपासून बंद, बाई ऊटीला चालल्या. उन्हाळ्यात इथे चॉ. बसत नाही, सगळं ओघळतं. कपाट रिकामं बघवेना. शेवटचं थोडं चॉ. फरशीवर होतं. बाईंनी पातंच ओठाला लावून बघितलं आणि तेच माझ्यासमोर धरलं. खाल्लं. रडू येईल की काय असं झालं. साठीच्या बाई, मला आईसारख्या. एवढं सहज कुणी काही भरवून फार वर्षं झाली.

"दशहरे के बाद खोलूँगी। नया क्या बनाऊँ, सोच के रखना। पहले आप चखोगे।"
"ज़रूर," म्हणालो.
तोवर संकल्प झालेला असेल हे बोललोच नाही. घाटावर येऊन बसलो. नाववाला "चलबs का गुरू?" विचारून गेला. कुठे जायचं असतं तर गेलो असतो.

७ एप्रिल
व्हायचं ते झालंच. पेज बाबांच्या पायावर सांडली. फोड आलेत. आता चुलीपाशी जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. कालपासून दूध आणि केळी. काशीकाकूंनी मला जिन्यात गाठलं. "माधव, तुझं काय चाललंय? म्हाताऱ्याची हालत बघवत नाही रे. तृतीया कशाला हवी, आजच संकल्पाला बस की."

आत जाऊन पहिल्यांदाच बोललो. "बाबा, तुम्हीच का सोडत नाही हे? काकू डाळभात आणून देतील. कोण बघतंय?"
मग म्हणाले, "तुझी आई शेवटी दवाखान्यात होती. तिथलं एक शित तोंडात घातलं नाही तिनं. मी डबा नेईपर्यंत थांबायची. तिला मी काय सांगू?"

तेच पुढे म्हणाले, "तुझ्यावर जबरदस्ती नाही हो. फळांवर माणूस राहतो."

जबरदस्ती नाही! हातपाय बांधून टाकले असते तर निदान दोरी तरी दिसली असती. राग येतो आणि राग आल्याचाही राग येतो. हे माझे वडील आहेत आणि मला त्यांच्याविषयी इतकं प्रेम आहे की पळून जायचा विचारही नीट करता येत नाही. करून बघितला. ऊटीपर्यंत गेलो मनात. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न, बाबांनी आज काय खाल्लं असेल?

१५ एप्रिल
बाबा वाळलेत. धोतर दोनदा खोचावं लागतं. तरी तृतीयेच्या तयारीत उत्साह. तांदूळ निवडून घेतले माझ्याकडून. "आंबेमोहोर आहे, पाणी बेतानं घाल," हे बसल्या जागेवरून. दुपारी मला म्हणाले, "वरणाला आईसारखी हिंगाची फोडणी जमेल ना तुला?" जमेल म्हणालो. मग विचारलं, "आणि ते तुझं कडू गोड?" म्हटलं, उन्हाळ्यात होत नाही ते, थंडीत करू. "मग थंडीपर्यंत राहायला हवं," म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

अक्षय्य तृतीया
सकाळ. आंघोळ झाली, मुकटा नेसला. खाली देवघरात सगळं मांडलंय. काशीकाकू रांगोळी काढून गेल्या. बाबा पाटावर बसलेत, दुखरा पाय लांब करून. काल दुपारपासून दूधसुद्धा घेतलं नाही. आज तुझ्याच हातचं पहिलं, म्हणाले. चुलीवर पाणी ठेवलंय, संकल्प झाला की तांदूळ वैरायचे.

वरच्या खोलीत पळी-पंचपात्र आणायला आलो होतो. तिथली ही वही उचलली आणि उतरताना जिन्यातच बसलो. सोवळ्यात वही शिवायची नसते. शिवलो. म्हणजे मी आता ओवळा, पुन्हा आंघोळ करावी लागणार. हे लिहायला घेण्याआधीच मला ठाऊक होतं.

"माधवा, येतोस ना?"
"आलो."
चुलीवरचं पाणी उकळल्याचा आवाज इथपर्यंत येतोय.
"माधवा?"
"आलो बाबा."
ते परत विचारणार नाहीत. तसा स्वभाव नाही त्यांचा. नुसते थांबून राहतील.