दक्षिणेची खिडकी

करामा, दुबई
१० ऑक्टोबर २००९

चि. सौ. वैभवीस,
दादाचे अ. आ.

विनिपेगचा हिवाळा अजून सुरूही झाला नाही आणि तुझी परतीची बांधाबांध सुरू झाली, हे वाचून तुझी वहिनी हसली. निखिलची कंपनी इथे बुडाली तेव्हा कॅनडाला जायची घाई तुलाच होती. आता परत यायचीही तुलाच. इथे निम्मे टॉवर अर्ध्यावर थांबलेत. तरी इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत निखिलसाठी शब्द टाकला आहे. मॅनेजर म्हणाले, डिसेंबरअखेर जागा होईल, इन्शाल्ला. तोवर घर थंडीला तयार कर.

मी जन्म इमारती गार ठेवण्यात घालवला; शास्त्र तेच, दिशा उलटी. पेटती उदबत्ती दारं-खिडक्यांच्या कडेने फिरव. धूर हलेल तिथे फट आहे, ती बुजव. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेव, म्हणजे पाइप गोठणार नाही. आणि दक्षिणेच्या मोठ्या खिडकीला आपण करामात लावतो तसा चंदेरी फॉइलचा कागद लाव. काचेइतकं घरभेदी कोणी नाही.

ईराला पापा. माया आहेच, कळवत राहा.
दत्तप्रसाद

विनिपेग
६ डिसेंबर २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उदबत्तीने बऱ्याच फटी सापडल्या, निखिलने बुजवल्या. ईरा शाळेत सांगून आली की, माय मॉम डज पूजा ऑफ द विंडोज. नळही वाहतात. तरी दिवाणखाना गार तो गारच. ईराचा खोकला हटेना, तेव्हा मी विमानाच्या तिकिटांचे दर बघू लागले.

परवा शेजारच्या आजी केक घेऊन आल्या. खिडकीचा कागद बघून त्यांनी दबकत विचारलं, घरात कोणी रात्रपाळीला जातं का. मी तुझं शास्त्र समजावलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, इथे हिवाळ्यात दक्षिणेचं ऊन म्हणजे फुकटची शेगडी. सकाळी पडदे उघडायचे, ऊन गेलं की जाड पडदे ओढायचे. पंडितमहाराज, दुबईत राहून ऊन घरात घ्यायचं असतं हे तुम्हाला सुचलं नाही, आणि मलाही.

कागद सोलला. बाहेर उणे बावीस आणि आत सतरंजीभर ऊन. ईरा तिथेच जेवते, तिथेच अभ्यास करते. ऊठ म्हटलं तर नो म्हणते. खोकला उतरला. काल मीही तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिकिटं बघायची राहिली ती राहिलीच. आम्ही इथेच राहतो, दादा. मॅनेजरना खलास म्हणून सांग. रागावू नकोस.

वहिनीस नमस्कार. तुझा लोभ टपालखर्चासह हवा.
तुझी वैभवी

करामा, दुबई
२२ डिसेंबर २००९

चि. सौ. वैभवीस,
अ. आ.

माझा सिद्धान्त उणे बावीसला गोठला, हे मान्य. त्या आजींना माझा साष्टांग नमस्कार सांग, भाषांतर तुझ्यावर. मॅनेजरना फोन केला. त्यांनी विचारलं, हबीबी, नोकरी सोडून लोक बर्फात का राहतात. मी म्हटलं, तिथलं ऊन चांगलं आहे.

रागावलो नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं, ती नोकरी मी निखिलसाठी शोधतच नव्हतो. शुक्रवारी तुम्ही जेवायला नसता म्हणून मी दोन घास कमी खातो. मी साफ नाकारलं. ती उठून देऱ्याच्या बाजारात गेली आणि दोन जाड कोट घेऊन आली. माझा घालून पाहिला. एसी लावावा लागला.

व्हिसा झाला की फेब्रुवारीत येतो. उन्हाळ्यात या, असं लिहू नकोस, उन्हाळा आमच्याकडे पुष्कळ आहे. लोभ वाढवावा, आणि ईराला सांग, सतरंजीवर जरा सरकून बसायचं.

तुझा दादा