डाव्या कात्र्यांचा तास

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (माझे जागेवर आहेत, फक्त कुरकुरतात.) हे गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून पुस्तकं वाचते आणि तुम्हाला लिहिते. पुस्तकं उलट उत्तर देत नाहीत. तुम्ही देता, म्हणून तुमची गोडी जास्त.

परवा आमच्या शिवणाच्या कारखान्यात एक शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. विषय, अल्पसंख्य असणं म्हणजे काय. आधी विचारलं, इथे अल्पसंख्य कोण? आमच्या कारखान्याच्या मास्तरांनी झटकन हात वर केला, सतरा बायकांत एकटा पुरुष म्हणून. (आवाज मात्र सतरा जणींना पुरून उरतो.) बाई हसल्या, पिशवीतून कात्र्या काढून वाटल्या आणि म्हणाल्या, खडूच्या रेघेवर कापा. वन्सं, काय फजिती सांगू! वीस-वीस वर्षं कापड बेतणाऱ्या बायका, आणि कापड पात्यांत दुमडतंय, रेघ एकीकडे, कात्री भलतीकडे. मी तर बटणं लावणारी, माझा तुकडा उंदरानं कुरतडल्यासारखा. एकटीच सरळ कापत गेली, ती आमची नवी डावखुरी. चार नातवंडांची आजी आहे, तरी मास्तर रोज टोचतात, "काय डावरे, आज कुठल्या गावाला चालली रेघ?" तिरकं कापते म्हणून महिनाअखेर तिला काढणार आहेत.

कात्र्या डावखुऱ्यांच्या होत्या. बाई ते सांगणार, तेवढ्यात मास्तरांनी चिंधी भिरकावली, "कात्रीच बोथट आहे हो!"

सगळ्या खो-खो हसल्या. मला हसू आलं नाही. डावखुरी हळूच म्हणाली, "मास्तर, मला रोज अशीच मिळते." मास्तरांनी चिंधी उचलली. मग म्हणाले, "आपल्याकडे डावी कात्री आहे कुठं? असती तर तुला ठेवलं असतं." आणि बाई तर आपल्या कात्र्या गोळा करून निघून गेल्या.

असो. औषधं वेळेवर घ्या. घरात सर्वांना नमस्कार, आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. ह्यांची कापड बेतायची कात्री तुमच्या कपाटात आहे. महिनाअखेरीच्या आत पाठवाल का? भावाची आठवण म्हणून जपलीत, ठाऊक आहे. मागायला जीभ रेटेना, म्हणून इथे खाली लिहिलं.

ता. क. आणखी एक. "बोथट झालीय, तुम्हीच ठेवा," म्हणून मीच ती तुम्हाला दिली होती. ह्यांचा अर्धा राहिलेला सदरा पुरा करायला बसले होते, कापेचना. वन्सं, धार शाबूत आहे. मी उजव्या हातात धरली होती.