पेटिग्रूंची खुर्ची

३ मार्च २०२१

आज पुन्हा वांशिक समतेचं प्रशिक्षण! पेटिग्रू फाउंडेशनचे सगळे गोरे विश्वस्त गोल करून बसले, रंगीत चिठ्ठ्यांवर आपापली पापं लिहून भिंतीला डकवली. अध्यक्ष प्रेस्कॉट पेटिग्रू तर रडला. रुमाल मी दिला — संचालकाच्या पगारात तेवढं धरलेलंच असतं. माझी आई याच्या आजोबांच्या कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायची. जन्मभर खोकली. तिला कुणी रुमाल दिला नाही.

तो नाक पुसत होता तेवढ्यात मी म्हटलं, "रडू नका, प्रेस्कॉट. खुर्च्या द्या."

"कसल्या खुर्च्या?"

"तुमच्या. पैसा वाटायचा आमच्या काळ्यांच्या ईस्ट एंड वस्तीत, आणि ठरवायचं तुम्ही टेकडीवरच्या बंगल्यांत बसून? विश्वस्त वस्तीनं निवडावेत. अध्यक्षही."

सगळे गार! तोंडातलं बिस्किटसुद्धा कुणी चावेना.

७ मार्च

कागदा, कान इकडे कर. खुर्च्या आमच्या लोकांना मिळाव्यात, ही माझी उभ्या नोकरीतली तळमळ. आणि त्यातली अध्यक्षाची मला मिळावी — हीही. दुसरं वाक्य कुण्णाला सांगू नकोस.

१९ मार्च

डॉगवुडचं झाड फुललंय. शाळा आठवली. मिस थिओडोशिया टेबलावर बोटांनी ताल धरून कविता म्हणवून घ्यायच्या, आणि साऱ्या गल्लीवर तंबाखूचा तो गोड, जड वास... आम्हा काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेनं टाकलेली पुस्तकं मिळायची, शेवटची पानं फाटलेली. त्यामुळे कित्येक कवितांचे शेवट मला आजतागायत ठाऊक नाहीत! मी माझे जोडून घेतले. जास्त बरे झालेत.

दुपारी अनुदान मागायला पाद्री गेथर्स आले. त्यांना त्यातली एक म्हणून दाखवली. डोळे टिपले त्यांनी. फार रसिक माणूस!

२ एप्रिल

खुर्च्यांचा ठराव मंजूर!! "आईला हे मुळीच आवडलं नसतं," असं म्हणत प्रेस्कॉटनं हात वर केला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला तो मनापासून आवडला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. व्हॅश्टी भेंडी तळत होती.

"मग आता अध्यक्ष कोण?"

"लोक ठरवतील."

"मग काल न्हाणीघरात आभाराचं भाषण कोण करत होतं, अहो लिअँडर मेबेन?"

१८ एप्रिल

अध्यक्षपदासाठी माझ्याविरुद्ध मिस ऑरीलिया स्प्रूइल उभी राहतेय. हिचं केस विंचरायचं दुकान, म्हणजे वस्तीतल्या निम्म्या बायकांची डोकी हिच्या हातात. मी कविता म्हणायला लागलो की जांभई देणारी अख्ख्या ईस्ट एंडात हीच एक!

असो. लोकांचं माझ्यावर प्रेम आहे. मी चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा सेवक; जिथे जातो तिथे म्हणतात, "डीकन लिअँडर, एखादी होऊन जाऊ दे!"

९ मे

चर्चच्या सभागृहात निवडणूक. आधी जेवण — तळलेली कोंबडी, मक्याचा पाव. मग मी बोललो. आई, तंबाखू, मिस थिओडोशिया, मग एक कविता. मग दुसरी.

मिस ऑरीलिया उभी राहिली. "डीकन भला माणूस आहे," म्हणाली. "गोऱ्यांच्या हातून खुर्च्या त्यांनीच सोडवल्या, देव त्यांचं भलं करो. पण टेकडीवर जेवून जेवून आता कोंबडी काट्यानं खातात हो!"

सभागृहात हशा फुटला. माझ्या हातात काटा होता.

हात वर करा म्हणाले. तिच्या बाजूनं हातांचं रान उगवलं. त्यात एका मनगटावर ओळखीची बांगडी. मीच घेतलेली!

१० मे

"तूसुद्धा, व्हॅश्टी?"

"अहो, तुम्ही तिसरी कविता काढणार होतात. तोंडावरून कळलं मला."

मी कवितांची वही मिटली. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "पुरे आता. तुमच्या वाट्याचं करून झालं. या घरी."

११ मे

प्रेस्कॉटचा फोन. "लिअँडर, वाईट वाटलं ऐकून." रडत होता बहुधा. या खेपेला रुमाल त्याचा त्यानं शोधावा.

३१ मे

निवृत्त झालो. केक गोड होता. कविता म्हण असं कुणी म्हणालं नाही — घाईत असतील.

१४ जून

मुलांसाठी कवितेचा वर्ग काढायचा म्हणतोय. थोडी मदत मिळते का बघायला फाउंडेशनमध्ये गेलो. टेबलाच्या अलीकडे, अर्जदारांच्या बाकावर बसलो, पाद्री गेथर्सांच्या शेजारी. अध्यक्षीणबाई मिस ऑरीलियानं एक विनोद सांगितला. भिकार! गेथर्स पोट धरून हसले.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.