आधी चेहरा, मग मास्क

३ मार्च, सोमवार

चावले! चक्क चावले मला! ब्रश धरलेल्या बोटाला, पेरावर दातांचे ठसे उमटले. वर म्हणतात कसे, "शेवटचा स्टॉप. सगळे उतरा खाली." आणि तोंड गच्च बंद. जन्मभर बस चालवली, आता तोंडाचं दारही स्वतःच्याच मर्जीनं उघडतात नि लावतात.

आधी हसू आलं, मग रडू. बाईसाहेब दंत-सहायकांना शिकवतात — हिरड्या कशा सांभाळाव्यात, अंथरुणावरच्या माणसाचे दात कसे घासावेत — आणि घरी स्वतःच्या नवऱ्याचं तोंड काही उघडत नाही. विस्मरणाच्या आजारात माणूस नावं विसरतो, रस्ते विसरतो, हे मला सांगितलं होतं. ब्रश कशासाठी असतो हेही विसरतो, हे कुणी बोललं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

नवी तुकडी आली. पहिल्या दिवशी मी नेहमी रंगाची गोळीच देते. चघळायची आणि आरशात बघायचं — दातांवर जिथे थर राहिलाय तिथे गुलाबी रंग चढतो. नेहमीचाच गलका! "मॅडम, घासूनच आलेय हो!" "गोळीच खराब असेल!" म्हटलं, गोळी छान आहे, घासणं खराब आहे.

एकीची अख्खी उजवी बाजू गुलाबी. दोन मुलांची आई, बऱ्याच वर्षांनी घराबाहेर पडलीय, सतत धावत असते. मी मनातल्या मनात तिचं नाव 'गडबड' ठेवलं. ती आरशात बघून म्हणाली, "अगं बाई! म्हणजे पोरं रोज अशीच शाळेत जातात की!" आवडली मला.

वर्गाला सांगितलं — दुखायला लागलं की डॉक्टरांचं काम सुरू. दुखूच नये, हे आपलं काम. सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. माझी मात्र नजर बोटावरच्या ठशांकडे.

६ मार्च, गुरुवार

उजवा गाल सुजलाय. घास डावीकडेच चघळतात. दुखतंय का विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसले. बॅटरी आणली, तर माझं मनगटच धरलं. हाताला अजून स्टिअरिंगचा जोर आहे!

७ मार्च, शुक्रवार

आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. त्यांनी सुजेवर गोळ्या दिल्या. पण म्हणाले, "सूज उतरेल, मूळ कारण आतच राहील. मला तोंडात बघता आलं पाहिजे. उघडणारच नसतील तर पूर्ण भूल द्यावी लागेल. आणि त्यांचं हृदय बघता, बाई, मला ती द्यायची नाहीये." पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. तोवर त्यांना तोंड उघडायची सवय लावा म्हणाले. म्हणजे मी.

मुलीचा फोन. "आई, तू इतक्या जणींना शिकवतेस, तुला तरी..." एवढंच बोलून थांबली. पुढचं वाक्य माझं मीच पुरं केलं.

भीती वाटते. नीट लिहून ठेवते — भुलीतून ते परत आलेच नाहीत तर, याची भीती वाटते.

९ मार्च, रविवार

आज नव्या ब्रशनं त्यांनी माझ्या चपला घासून ठेवल्या. इतक्या मन लावून! रागावणार तरी कशी?

११ मार्च, मंगळवार

आज वर्गात माझा लाडका नियम. आधी चेहरा, मग नाव, मग मास्क. पेशंटला आपला चेहरा दिसू दे, नाव कळू दे, मगच तोंड झाका. प्रत्येकीला खुर्चीत आडवं केलं, म्हणजे वर नुसते डोळे आणि हातात आरसा घेऊन कुणी वाकलं की कसं वाटतं ते कळतं.

गडबडनं विचारलं, "आणि पेशंट ऐकतच नसेल तर?" बोलायचं नव्हतं, पण घरचं सगळं बोलून गेले. बोट दाखवलं. कुणी हसलं नाही. वर्ग सुटल्यावर ती पायऱ्यांवर थांबली होती. "मी येऊ का घरी? माझाही सराव होईल." मी 'बघू' म्हटलं. मदत मागायची मला सवयच नाही. मग पाच मिनिटांनी मीच फोन करून पत्ता सांगितला.

१३ मार्च, गुरुवार

आली. धापा टाकत, सर्दीनं बेजार, म्हणून जिन्यातूनच मास्क लावून. अंगात केंद्राचा ऍप्रन. ना चेहरा, ना नाव! परवाचा धडा पार धुऊन टाकलेला. मी मागून हातवारे करतेय, तर ही बघेल तर शपथ! सरळ खुर्ची ओढली आणि म्हणाली, "काका, मागे टेका. आ करा."

आणि त्यांनी आ केला.

असा मोठ्ठा! तिनं गाल अलगद बाजूला घेतला, हिरडीच्या कडेनं हळूहळू गोल गोल ब्रश फिरवला. मागची दाढ किडलेली, शेजारी हिरडीवर पू. मला दारातूनही दिसलं. ह्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, थुंकू का?" ती म्हणाली, "थुंका, पण चूळ भरू नका. पेस्ट राहू दे थोडी दातांवर."

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मत्सर वाटला, दुसरं काय! संसार माझ्याबरोबर केला, मला चावले, आणि परक्या बाईला आ! संध्याकाळी थोडी थंड झाले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी दिसले की ते घरी असतात. घरात बायकोपुढे कोण आ करून बसतं? मास्क आणि ऍप्रन म्हणजे दवाखाना. दवाखान्यात कसं वागायचं हे त्यांच्या अंगात अजून शाबूत आहे. माझा नियम बाकी सगळ्यांसाठी बरोबर. ह्यांच्यासाठी उलटा.

१४ मार्च, शुक्रवार

दाढ निघाली! पूर्ण भूल नाही, नुसतं हिरडीत इंजेक्शन. मी मुद्दाम बाहेर बसले. आत डॉक्टर आणि गडबड, दोघंही मास्कमध्ये. ती म्हणाली, काका एकदाही हलले नाहीत, फक्त तिचा हात धरून ठेवला होता. मी तिला मिठीच मारली. मॅडमपणा गेला खड्ड्यात!

१६ मार्च, रविवार

आज मीच ऍप्रन चढवला, मास्क लावला. काका म्हणवेना, म्हणून आवाज जरा जाड करून म्हटलं, "साहेब, आ करा." केलं. जखमेची बाजू सोडून सगळे दात घासले, ओठ पुसले. मग ते स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी वाकले.

"बाई, ती दाढ फार दिवस ठणकत होती. पण आमच्या हिला सांगू नका हं. माझं काही दुखतंय कळलं, की जेवण सोडते ती."

नाही सांगत, म्हटलं.